कृष्णेत पोहणाऱ्यांनी तारकर्लीला जाताना

प्रश्न : आम्ही सांगलीचे. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला निघतोय. यजमान, मी, सासूबाई (वय ६८, बीपीची गोळी चालू), चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि दीर-जाऊ. मुलाला स्कूबा करायचंच आहे. त्याला बालदमा होता, थंडीत अजूनही पंप लागतो. ज्या एजंटशी फोनवर बोललो तो म्हणाला, ‘फॉर्मवर लिहू नका, काही होत नाही.’ दीर कृष्णेत पोहून तयार झालेले. त्यांचं म्हणणं, समुद्रात तर मिठामुळे माणूस आपोआप तरंगतो. मला पोहता येत नाही. मी काळजी करते म्हणून घरात सगळे मला भित्री म्हणतात. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं आणि दोन मुक्कामांत एका पॅकेजमध्ये सगळे खेळ बसवायचे, असं ठरतंय. राहायचं कुठे, काय करायचं, काय टाळायचं? आणि मी खरंच उगाच घाबरतेय का?
— एक वाचक, सांगली

ताई,

आधी मुलाचं बोलू, कारण बाकी सगळ्या गोष्टी मागेपुढे झाल्या तरी चालतील, ही चालणार नाही. या दिवाळीत त्याला स्कूबा करू देऊ नका.

कारण त्यालाही नीट सांगा, नुसतं ‘नाही’ म्हणू नका. चौदा वर्षांच्या मुलाला कारण पटतं. पाण्याखाली दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे टाकीतून जी हवा आपण ओढतो ती त्या दाबाची असते. माणूस वर येऊ लागला की दाब उतरतो आणि छातीतली हवा फुगते. ती श्वासावाटे बाहेर पडत राहिली तर काही होत नाही, म्हणून स्कूबाचा पहिला नियम ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हा आहे. पण दम्यात श्वासनलिका आवळलेल्या असतात. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली आणि माणूस वर आला, तर ती हवा आतल्या आत फुगून फुप्फुस फाटू शकतं. ‘मालवणात खोल नेतच नाहीत’ असं तुम्हाला सांगतील आणि ते बहुतेक खरंही असेल. पण दाबातला सगळ्यात मोठा फरक वरच्या काही मीटरांतच पडतो. पाच मीटरवरून वर येतानासुद्धा हवा दीडपट होते. शिवाय टाकीतली कोरडी हवा आणि तोंडात जाणारं खारं पाणी या दोन्हींनी दम्याची उबळ येऊ शकते, आणि तीही अशा जागी जिथे खिशातला पंप काढता येत नाही.

ज्याचा दमा लहानपणीच गेला, ज्याला गेली कित्येक वर्षं औषध लागलेलं नाही, त्याला छातीचे डॉक्टर तपासून, फुंकर मारण्याची चाचणी करून परवानगी देतातही. तुमच्या मुलाला अजून थंडीत पंप लागतो. एवढ्यावरच मी थांबले असते.

आणि तो एजंट. फॉर्मवरचे प्रश्न तुम्हाला अडवायला छापलेले नसतात. तुमच्यासोबत जो प्रशिक्षक पाण्यात उतरणार असतो, त्याला तुमच्याबद्दल काय माहीत असायला हवं, याची ती यादी असते. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, अगदी त्या दिवसाची सर्दीसुद्धा त्यात येते, कारण सर्दीत कानाचा दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होते. ‘लिहू नका’ म्हणणाऱ्याकडे कोणताच खेळ करू नका. स्कूबा सोडून बनाना राइड घेतली तरी होडी त्याचीच असणार.

मुलाचा हिरमोड होईल, तो होऊ द्या. पण त्याच्या वाट्याला काहीतरी भरघोस ठेवा. कर्लीच्या खाडीत कयाक वल्हवणं त्याच्या वयाला स्कूबापेक्षा जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं. स्कूबात तुम्हाला कोणीतरी धरून फिरवतो, कयाकमध्ये होडी तुमच्या हातात असते. दोन्ही काठांना माड, मध्ये संथ पाणी, आणि चुकला तरी फार तर चिखलात रुततो. लाइफ जॅकेट घालून, पंप होडीवर जवळ ठेवून आणि डॉक्टरांना विचारून स्नॉर्केलिंगही, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच्यावर तरंगत खाली बघणं, त्याला करता येईल. धाकटीला स्कूबा मुळीच नको. जगभरच्या शिक्षण संस्था मोकळ्या पाण्यात स्कूबाला किमान दहा वर्षं वय धरतात, ते उगाच नाही.

आता तारखांकडे येऊ. तुमच्या बेतात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त बदलावीशी वाटते.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यात धरायची, नेमकं होडीवाल्याला विचारायचं. पण बेत आखायला हा हिशोब पुरतो.

तो तुमच्या सुट्टीला लावून बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण. उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून त्याची ओढही जास्त. भाऊबीज द्वितीयेला. तुम्ही तृतीयेला पोचणार आणि चतुर्थीला खेळणार. त्या दिवशी भरती दुपारी तीनला. म्हणजे चारपासून सूर्यास्तापर्यंत, नेमकी सगळी कुटुंबं पाण्यात उतरतात त्या वेळेला, समुद्र मागे हटत असणार. त्यात उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नाही, आणि दिवाळीची गर्दी कळसाला.

हाच बेत सप्तमी ते नवमी असा सरकवा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. तळचा गाळ फार ढवळत नाही, म्हणून पाणी त्यातल्या त्यात नितळ. दुपारी बाराला ओहोटी संपते आणि संध्याकाळी सहापर्यंत समुद्र किनाऱ्याकडे भरत येतो. मुलांना चार-पाच वाजता पाण्यात न्यायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. गर्दी पांगलेली असते, खोल्यांचे दरही उतरू लागतात. शाळेची सुट्टी तोवर असतेच.

दिवसातली वेळही अशीच ठरवा. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा पाणी सपाट असतं. जमीन तापली की दुपारकडे खारे वारे उलटे सुटतात आणि लाटा उठतात. पॅरासेलिंग, डॉल्फिन बघायला जाणं, स्नॉर्केलिंग, जे काही होडीत बसून करायचं ते सगळं सकाळी. नाश्ता उशिरा मिळाला तरी चालेल. दहा वाजता आरामात आवरून बंदरावर गेलात तर रांगेतही उभं राहाल आणि डुचमळत्या होडीत उलटीही कराल.

आता दीर. त्यांना कमी लेखू नका, त्यांचं पोहणं तुम्हाला उपयोगी पडणार आहे. मिठाच्या पाण्यात अंग थोडं जास्त तरंगतं हे त्यांचं खरंच आहे. पण समुद्रात माणूस जड झाला म्हणून बुडत नाही, थकला म्हणून बुडतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट जागा सापडली की तिथून ते पट्ट्याने जोरात आत जातं. त्या ओढीच्या विरुद्ध पट्टीचा पोहणारासुद्धा टिकत नाही. घातकी गोष्ट ही की तो पट्टा दिसायला शांत असतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत, मध्ये फुटत नाहीत, पाणी जरा गढूळ किंवा गडद, फेस आत चाललेला. लोक मुलांना घेऊन नेमके तिथेच उभे राहतात, लाटा कमी आहेत म्हणून. तारकर्लीला पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं वाळूवर उभं राहून हा पट्टा दिसतो का ते बघायचं काम दीरांना द्या.

आणि त्यांना एक विचारा. कृष्णेला पाणी असताना ते ज्या घाटावरून उडी टाकतात, त्याच घाटावर थेट परत येतात का? नाही येत. प्रवाहाला छेद देत तिरके जातात आणि खालच्या घाटाला लागतात. समुद्राच्या ओढीत सापडल्यावर नेमकं हेच करायचं. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसायचं नाही. किनाऱ्याला समांतर सरकायचं, पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच माणसाला परत आणतात. सरकता येत नसेल तर पाठीवर पडून राहायचं आणि हात वर करायचा. त्यांनी हे मुलाला वाळूवर आडवं झोपवून शिकवावं, खेळ म्हणून.

एक गोष्ट मात्र त्यांनी कबूल केलीच पाहिजे. कोणी ओढला गेला तर त्यांनी मागे उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो, हे कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा झालेलं आहे. दोरी, रिकामा कॅन, जादा लाइफ जॅकेट, जे तरंगतं ते फेकायचं आणि होडीवाल्यांना हाक मारायची. तटरक्षक दलाचा १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दोन आकडे सगळ्यांच्या फोनमध्ये निघण्याआधीच टाका.

देवबागला संगमावर जाल. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. जागा फार सुंदर आहे. तिथे पायही बुडवू नका असं मी म्हणत नाही, पण पोहायचं नाही, विशेषतः ओहोटीला. तेव्हा नदी आणि खाडीत भरलेलं पाणी मिळून समुद्राकडे धावतं. त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा उंचवटाही याच मुखाशी आहे. तिथे होडीने जायचं, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून गरमागरम भजी खायची, आणि होडीवाला ‘चला’ म्हणाला की लगेच निघायचं. पाणी चढू लागलं की ती वाळू खरोखरच नाहीशी होते. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, फरफटत न्या. वाळूत दबून बसलेला पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, पायाच्या हादऱ्याने सरकून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

पॅकेजबद्दल. ‘एका पैशात सात-आठ खेळ’ यातले निम्मे खेळ पाच-पाच मिनिटांचे असतात आणि एकामागून एक उरकायचे असतात. बनाना राइड, बंपर राइड यांत शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. नऊ वर्षांच्या मुलीला आणि तुम्हाला ते नको असेल तर बसण्याआधीच ठणकावून सांगा, ते ऐकतात. सगळे मिळून दोन-तीन खेळ निवडा आणि ते बंदरावर जाऊन, होडी डोळ्यांनी बघून ठरवा. होडीवर नोंदणी क्रमांक आहे का, किती माणसांची परवानगी आहे, आणि प्रत्यक्षात किती बसवताहेत, हे बघायला काही शिकावं लागत नाही. परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा असतो. तो दाखवा म्हटल्यावर चांगला माणूस चिडत नाही. लाइफ जॅकेट घालून खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लहान मुलीला मोठ्यांचं जॅकेट आवळून बांधलं की झालं, असं म्हणतील; मान्य करू नका, मुलांच्या मापाचं आणायला लावा.

घासाघीस फार करू नका, हेही सांगते. हे व्यवसाय करणारे बरेचसे मच्छीमारांच्या घरातले आहेत. बाप-आजे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे, आता मासळी कमी झाली आणि पोरं पर्यटकांच्या होड्या चालवतात. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत सगळं बंद. उरलेल्या महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. तुम्ही दर फारच पाडलात तर तो खर्च भरून काढायला होडीत दोन माणसं जास्त बसवतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. पाऊस तोंडावर आलेला होता. त्यामुळे एखादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सकाळी आभाळाकडे बघून ‘आज नको, वारो सुटलो हा, उद्या सकाळी येवा’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि शेजारच्याकडे जाऊ नका. उद्या त्याच्याकडेच जा. यासाठीच मुक्काम दोनाऐवजी तीन करा. एक दिवस हातात शिल्लक असला की ‘पैसे भरलेत, आजच करू’ हा धोशा आपोआप थांबतो.

यजमान किंवा दीर-जाऊ स्कूबा करणार असतील तर खुशाल करू देत, त्यांच्या फॉर्मवरचं सगळं खरं लिहून. आदल्या रात्री दारू नको. खाली जाताना दर थोड्या वेळाने नाक दाबून कानात हवा सोडायची, दुखलं तर लगेच खूण करून थांबायचं. विमानाने जाणाऱ्यांना डुबकीनंतर किमान बारा तास थांबायला सांगतात. उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून. तुम्हालाही परतताना फोंडा घाट चढायचाय, तेव्हा स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच उरका, निघायच्या दिवशी नको. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, मासे गोळा करायला पाव-बिस्किटं टाकू देऊ नका. मालवणचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एक फांदी मोडली तर ती भरून यायला वर्षानुवर्षं जातात, आणि ज्या माशांसाठी आपण पैसे मोजतो ते तिथे त्या प्रवाळामुळेच आहेत.

राहायला तुम्हाला तारकर्ली ठीक आहे. एखाद्या न्याहारी-निवासात उतरा, जिथे घरची माणसंच मासे रांधतात. मालवण गाव तिथून सहा-सात किलोमीटर. फक्त सासूबाई आणि धाकटीसाठी एक संध्याकाळ मालवणातच चिवला किनाऱ्यावर घालवा. पुढ्यात खडक असल्याने तिथे पाणी तारकर्लीपेक्षा शांत असतं.

सासूबाईंना खेळांच्या ठिकाणी छत्रीखाली पर्सा सांभाळत बसवू नका. सकाळी त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर न्या. बंदरातून होडी लगेच मिळते; चढताना-उतरताना एकाने पुढे, एकाने मागे राहायचं, आणि बीपीची गोळी घेऊन, पोटात काहीतरी असताना निघायचं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. आजूबाजूच्या बुडत्या खडकांतून वाट माहीत नसलेलं जहाज जवळ येऊ शकत नव्हतं. तुमची होडीसुद्धा वळणं घेत जाते, ती त्याचमुळे. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, आणि चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. परतीच्या होडीची वेळ घाईची असते, म्हणून उतरतानाच होडीवाल्याला सांगा की सोबत वयस्कर बाई आहेत, थोडं जास्त थांबा. थांबतात.

राहता राहिलं तुमचं. नाही ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. घरातल्या सात जणांमध्ये मुलाचा पंप, सासूबाईंची गोळी आणि एजंटचं ते वाक्य, तिन्ही गोष्टी एका पत्रात लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. म्हणून प्रवासात ‘आता नको’ म्हणायचा अधिकार तुमच्याकडे ठेवा, आणि तो निघण्याआधी सगळ्यांच्या समोर मागून घ्या, बंदरावर भांडून नव्हे. पण पूर्ण वेळ काठावरही बसू नका. भरतीच्या वेळी, मापाचं जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात दीरांना शेजारी उभं करा आणि पाठीवर तरंगून बघा. डोकं मागे सोडायचं, पोट वर, श्वास सावकाश. पहिल्यांदा पाय खाली जातील, दुसऱ्यांदा कमी जातील.

मुलाच्या डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जाऊन या, फराळाच्या गडबडीत ते राहून जाईल. त्यालाही बरोबर न्या आणि स्कूबाचा प्रश्न त्यालाच विचारू द्या.